हशा संपायची वाट कोण बघतं?

"लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस बसतो, तेव्हा तो बसलेला नसतो, बसण्याच्या विचारात असतो. परवा कुर्ल्याहून डोंबिवलीला मी एका मांडीवर आलो. ती मांडी माझीच आहे, हे ठाण्याला कळलं."

हा विनोद माझा. थोर वगैरे नाही, पण काही वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका कॅफेच्या माळ्यावर, साठेक खुर्च्यांसमोर तो बऱ्यापैकी चालायचा. आता मी माइक हातात घेत नाही. टीव्हीवरच्या कार्यक्रमांसाठी लिहितो. पण स्टँडअप करणारे लोक सिनेमात, मालिकेत, पुरस्कार सोहळ्यात, जाहिरातीत सगळीकडे कसे दिसतात, हे कोणी विचारलं की मी हाच विनोद पुढे करतो. कारण 'विनोदी माणूस आहे, कुठेही टाका' अशी एक समजूत आहे आणि ती साफ चुकीची आहे. माणूस तोच असतो, काम प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. फरक बघायचा तर एकच प्रश्न विचारायचा: लोक हसले, की हशा संपायची वाट कोण बघतं?

रंगमंचावर ती वाट कॉमेडियन स्वतः बघतो. इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

वरच्या विनोदाची ती पहिली आवृत्ती. त्यात एक दोष होता. लोक 'माझीच' या शब्दावर हसायला लागायचे आणि माझं वाक्य मात्र अजून 'आहे, हे ठाण्याला कळलं' असं रेंगाळत असायचं. मी माझ्याच हशावर बोलत होतो. मराठीची ही गंमत आहे आणि डोकेदुखीही: आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ज्या शब्दावर फटाका फुटायचा त्याच्यामागे 'आहे', 'होती', 'म्हणाला' असं शेपूट लागतं. महिनाभराने मी ते असं केलं: "ठाणं आलं तेव्हा कळलं, मांडी माझीच." ठाणं पुढे आणलं, क्रियापद उडवलं. शब्द जवळपास तेच, पण हशा दुप्पट. ओपन माइक म्हणजे हेच. चार-पाच मिनिटं मिळतात, पैसे बहुधा मिळत नाहीत आणि मंगळवारी रात्री दमून आलेल्या अनोळखी लोकांवर आपण एकेक शब्द घासून बघतो.

हशालाही आकार असतो. तो चढतो, माथ्यावर जातो, मग ओसरू लागतो. पूर्ण ओसरू दिला तर खोली थंड पडते, माथ्यावर असताना बोललो तर पुढचं कोणाला ऐकू जात नाही. ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. हे कोणी शिकवत नाही, पन्नास-शंभर रात्री पडून-धडपडून कान तयार होतो. स्टँडअपवाल्याचं भांडवल म्हणाल तर हा कान. विनोद काय, रोज नवे सुचतात आणि रोज मरतात.

मुंबईत या कानाची शाळा तशी जुनी आहे. जॉनी लीवर हे उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला क्रम सहसा लक्षात घेतला जात नाही. आधी रस्त्यावर नटांच्या नकला करत पेनं विकणं, मग हिंदुस्तान लीवरच्या कारखान्यात नोकरी, तिथल्या कार्यक्रमात साहेबांच्या नकला आणि त्यातूनच मिळालेलं 'लीवर' हे नाव. मग कल्याणजी-आनंदजींच्या संचाबरोबर दौरे. 'दर्द का रिश्ता' हा पहिला सिनेमा आला 1982 साली. म्हणजे कॅमेऱ्यासमोर येण्याआधी कित्येक वर्षं हा माणूस जिवंत लोकांचा हशा मोजत होता. आपल्याकडे तर याहूनही जुनी मुळं आहेत. वगनाट्यातला सोंगाड्या रोज गावागणिक, त्या दिवसाच्या बातमीगणिक संवाद बदलायचा. दादा कोंडक्यांनी तोच हजरजबाबीपणा घेऊन 1971 मध्ये 'सोंगाड्या' पडद्यावर आणला. आणि एकाच माणसाने सगळं करण्याचं म्हणाल, तर पु. ल. देशपांड्यांचा 1953 चा 'गुळाचा गणपती' 'सबकुछ पु. ल.' म्हणूनच ओळखला जातो. आजच्या पोरांना 'मल्टिटॅलेंटेड' म्हणताना हे आठवलेलं बरं.

लोअर परळच्या पॅलेडियममध्ये 2010 साली कॉमेडी स्टोअर सुरू झालं. नंतर त्याचंच कॅनव्हास लाफ क्लब झालं. इंग्रजी-हिंदी स्टँडअपला मुंबईत कायमचं घर मिळालं ते साधारण तेव्हापासून. पण बहुसंख्य लोकांना स्टँडअप भेटलं ते टीव्हीवर, 2005 मध्ये स्टार वनच्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मधून. पहिल्या पर्वात सुनील पाल जिंकले, राजू श्रीवास्तव घराघरांत पोचले. तिसरं पर्व 2007 मध्ये कपिल शर्माने जिंकलं.

टीव्ही कॉमेडियनला दोन गोष्टी देतो आणि एक खातो. पैसा देतो, ओळख देतो आणि मटेरियल खातो. स्टँडअपचा तासाभराचा नवा कार्यक्रम बांधायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तो तुम्ही शंभर ठिकाणी करू शकता, कारण प्रत्येक ठिकाणचा प्रेक्षक नवा असतो. टीव्हीवर एकदा दाखवलं की ते जळलं. आमच्या धंद्यात हाच शब्द आहे: मटेरियल जळलं. दर आठवड्याला नवं हवं आणि गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणता कार्यक्रम किती लोकांनी पाहिला याचे, आकडे येतात तेव्हा मागच्या आठवड्यातलं काय चाललं, काय नाही, याचा पंचनामा होतो. एकट्या माणसाच्या डोक्यातून इतकं निघत नाही. म्हणून लेखकांची फळी येते, आणि स्टँडअप करणाऱ्या कित्येकांची पहिली पगारी नोकरी ही असते: दुसऱ्याच्या तोंडी घालायचे विनोद लिहिणं.

वरुण ग्रोव्हर हे याचं ठळक उदाहरण. इंजिनिअरिंग करून मुंबईत आला, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठी लिहिलं, रंगमंचावर राजकीय स्टँडअप केलं आणि त्याच माणसाने 'मसान' लिहिला, गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. लोकांना हे दोन वेगळे वरुण ग्रोव्हर वाटतात. मला नाही वाटत. गाण्याच्या ओळीतही मोक्याचा शब्द कुठे ठेवायचा, हाच प्रश्न असतो.

मराठी वाहिन्यांवरचं प्रकरण जरा निराळं आहे. 2014 मध्ये झी मराठीवर आलेलं 'चला हवा येऊ द्या' किंवा 2018 पासूनची सोनी मराठीवरची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांना सरसकट स्टँडअप म्हणतात, पण तिथला मुख्य ऐवज आहे स्किट, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून केलेलं छोटं प्रहसन. आणि स्किटची नाळ जुळते ती एकांकिका स्पर्धांशी, कॅफेतल्या ओपन माइकशी नाही. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे कलाकार लिहितातही आणि करतातही, हे त्या नाटकवाल्या वळणाचंच.

माझा मांडीचा विनोद मी एकदा स्किटमध्ये घातला. पार कायापालट झाला त्याचा. स्टँडअपमध्ये मी एकटा उभा असतो. बाक, गर्दी, शेजारचा घाम, सगळं प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतं. स्किटमध्ये खरा बाक आणावा लागतो, आणि बाक आला की त्यावर माणसं बसवावी लागतात. खिडकीशी झोपलेले काका, मधे मोबाइलवर सिरियल बघणारा, तिसरा पाय फाकवून बसलेला गृहस्थ, चौथा आमचा नायक. आता 'मांडी कोणाची' हे बोलून दाखवायला जागाच नाही, कारण मांडी समोर दिसतेय. विनोद सरकला तो 'जरा सरकता का' या तीन शब्दांत. नायक तेच पाच वेळा, पाच तऱ्हांनी म्हणतो: आर्जवाने, रागाने, इंग्रजीत, गाण्यात आणि शेवटी नुसत्या नजरेने. काका मुलुंडला उतरतात. जागा झाली! आणि तिसरा गृहस्थ सुस्कारा सोडून आणखी पसरतो. दिवे बंद. माझं मूळ वाक्य एकही उरलं नाही, पण लेखक म्हणून नाव माझंच लागलं.

आणि हशाची वाट? इथे ती निम्मी नट बघतो, निम्मी संकलक. कॅमेरे पाच-सहा असतात. समोर प्रेक्षक असतात, परीक्षक असतात, त्यांच्या हसण्याचे शॉट वेगळे घेतले जातात. संकलनाच्या टेबलावर हशा लांबवता येतो, तोडता येतो, एका विनोदावरचं हसणं दुसऱ्यावर चिकटवता येतं. घरी बसून बघताना 'हे काय एवढं हसण्यासारखं होतं?' असं वाटतं ना, तिथे बहुतेकदा ही कात्री चाललेली असते. मी स्वतः अशा टेबलाशी बसून 'इथे जरा हसणं टाक रे' म्हटलेलं आहे. अभिमान नाही, पण लाजही फारशी वाटत नाही. दुपारी प्रेक्षक जेवून आलेले असतात.

निवेदनाचं काम दिसतं सोपं, असतं महाकठीण. सोहळ्यात समोर बसलेल्यांना आपला पुरस्कार कधी येतो याची चिंता, त्यात प्रॉम्प्टरवर लेखकांनी लिहिलेलं वाचायचं, आणि पाहुणा उशिरा आला तर सहा मिनिटं हवेतून काढायची. ही हवेतली सहा मिनिटं स्टँडअपवाला काढू शकतो, म्हणून त्याला बोलावतात.

आता सिनेमा. इथे हशा मुळात नसतोच.

मी एकदा एका सिनेमात एक दिवसाचं काम केलं. भूमिका: लोकलमधला प्रवासी, चौथ्या सीटवरचा. माझा विनोद कोणी तरी ऐकला होता म्हणूनच बोलावलं होतं, ऑडिशन नाही, काही नाही. नाहीतर वर्सोव्याच्या आरामनगरात रांग लावावी लागते. सेटवर डबा उभारला होता. मी वाक्य म्हटलं आणि सवयीने थांबलो. त्या जागी खोलीत हशा यायचा ना. इथे सिंक साउंड, म्हणजे आवाज जागेवरच टिपला जातो. चाळीस माणसं श्वास रोखून उभी. कोणी हसलं तर टेक वाया. एक सेकंद, दोन सेकंद. दिग्दर्शक म्हणाला, "दादा, लाइन विसरलात का?"

मग मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग दिसेल असा शॉट झाला, मग माझ्या चेहऱ्याचा क्लोज, मग शेजारच्याच्या खांद्यावरून, मग त्याचा क्लोज. एकच वाक्य चौदा वेळा. कंटिन्युइटीवाली मुलगी सांगत होती की मघाशी डावी मांडी बाहेर होती, आता उजवी आहे. स्टँडअपमध्ये मी रोज वाक्य थोडं बदलतो, कारण रोजचा हशा वेगळा. इथे चौदाव्यांदा ते पहिल्यासारखंच पण ताजं यायला हवं, आणि उत्तरादाखल समोरून काहीच येत नाही. नाटकातून आलेल्यांनाही हे जड जातं, पण त्यांना निदान सहनटाकडे बघायची सवय असते. आम्हाला अंधाराकडे बघून बोलायची सवय. समोरचा माणूस बोलत असताना ऐकायचं कसं, हे स्टँडअपवाल्याला सिनेमात पहिल्यांदा शिकावं लागतं.

म्हणून गंमत अशी होते की जे टिकतात ते बरेचदा विनोदी नसलेल्या भूमिकेत जास्त शोभतात. कपिल शर्मा नंदिता दासच्या 'झ्विगाटो'मध्ये भुवनेश्वरमधला डिलिव्हरी करणारा कामगार होता. भाऊ कदमने 2019 च्या 'नशीबवान'मध्ये सफाई कामगार केला. वाक्यानंतर किती थांबायचं हे ज्याला कळतं, त्याला न बोलता किती थांबायचं हेही कळतं. उलट, 'सेटवर येऊन काहीतरी धमाल करा' असं सांगून कॉमेडियनला बोलावलं जातं, तेव्हा लिहिणाऱ्याने हात झटकलेले असतात. 'बाज़ीगर'मधल्या बाबूलालसारखी भूमिका त्यातून उभी राहते, पण त्यासाठी जॉनी लीवर लागतो. एरवी नुसती आदळआपट.

ओटीटीवरच्या तासाभराच्या 'स्पेशल'मध्ये, म्हणजे चित्रित केलेल्या एकट्याच्या प्रयोगात, मात्र वाट बघण्याचा हक्क पुन्हा कॉमेडियनकडे येतो, म्हणून तो त्यांना सगळ्यात प्रिय. यातली एक साधी युक्ती सांगतो: बहुतेक स्पेशल दोन प्रयोगांचं चित्रीकरण करून जोडलेले असतात, म्हणून दोन्ही वेळा कपडे तेच. वीर दासने तर 2017 च्या पहिल्या नेटफ्लिक्स स्पेशलमध्ये न्यूयॉर्क आणि दिल्ली असे दोन प्रेक्षक उघडपणे एकमेकांत गुंफले होते. 2023 मध्ये 'लँडिंग'साठी त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. जाकिर खान, बिस्वा कल्याण रथ, सुमुखी सुरेश यांनी याच वाटेने पुढे स्वतःच्या मालिका रचल्या. तिथे ते नट कमी आणि कर्ते जास्त.

कुठे काय चालतं याचे नियमही माध्यमागणिक वेगळे. सिनेमाला 1952 च्या कायद्याखाली आधी प्रमाणपत्र लागतं. टीव्हीला आधी परवानगी नाही, पण 1995 च्या केबल कायद्याची कार्यक्रम संहिता डोक्यावर असते आणि काय दाखवायचं, काय नाही हे ठरवणारा वाहिनीचा स्वतःचा 'एस अँड पी' (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस) विभाग तिच्याहून कडक असतो. ओटीटीला 2021 च्या नियमांनुसार वयोगटाचं लेबल. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहेच. त्यामुळे एकच शिवी कॅफेत टाळी घेते, ओटीटीवर '16+' होते, टीव्हीवर 'बीप' होते आणि मग त्या बीपवर लोक शिवीपेक्षा जास्त हसतात.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. 2021 मध्ये राहुल द्रविड ट्रॅफिकमध्ये भडकून 'इंदिरानगर का गुंडा' म्हणतो ती क्रेडची जाहिरात सगळ्यांनी पाहिली. ती लिहिणाऱ्यांत तन्मय भट होता. तीस-चाळीस सेकंदांत मांडणी आणि फटाका बसवायचा, हे तर ओपन माइकवाल्याचं रोजचं गणित. पैसा इथे उत्तम आणि वेळेवर.

वेळेवर हा शब्द मुद्दाम वापरला, कारण टीव्ही-सिनेमात तो दुर्मीळ. 90 दिवसांनी पैसे, ही या धंद्यातली रीत आहे. तुम्ही आज शूट केलंत की तीन महिन्यांनी बिलाचा विचार सुरू होतो. वर दहा टक्के टीडीएस कापून येतो. माझ्या त्या एका दिवसाच्या कामाचे पैसे सात महिन्यांनी आले, तेही निर्मिती व्यवस्थापकाला रोज 'गुड मॉर्निंग' पाठवून. म्हणून कॉमेडियन इतकी वेगवेगळी कामं करतो याचं निम्मं उत्तर प्रतिभेत नाही, भाड्यात आहे. अंधेरी-मालाडचं घरभाडं एक तारखेला जातं, ते 90 दिवस थांबत नाही.

हक्कांचं मात्र नीट समजून घ्यावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, मांडणीला आहे. 'चौथी सीट' हा विषय माझा होऊ शकत नाही, मुंबईत तो प्रत्येकाच्या मांडीवर लिहिलेला आहे. पण लिहून ठेवलेलं माझं वाक्य माझं. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं मानलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच वाहिन्यांच्या करारात 'सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' असं असतं. विश्वात! मंगळावर माझी मांडी दाखवली तरी मला विचारायला नको. 2012 च्या दुरुस्तीने सिनेमात वापरलेल्या लेखनासाठी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही असं केलं. हक्क कागदावर पक्का आहे, वसुलीची कथा वेगळी. नवीन पोरांना मी एवढंच सांगतो की संहिता स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच कोणाला ऐकवा.

तो सिनेमा लागला तेव्हा मी डोंबिवलीतच बघितला, दुपारच्या खेळाला, वीस-पंचवीस माणसांत. माझं वाक्य कापलेलं होतं. चौदा टेकपैकी उरला होता दीड सेकंदांचा शॉट: बाकाच्या कडेला मी, एक मांडी आत, एक बाहेर, चेहऱ्यावर कसलेच भाव नाहीत. बहुधा मी हशाची वाट बघत होतो तो क्षण. मागच्या रांगेतल्या दोन बायका फसकन हसल्या, एक म्हणाली, "अगं, हे अगदी आपले भाओजी." तोवर पडद्यावर नायिका काहीतरी महत्त्वाचं बोलून गेली होती, आणि दुसरी विचारत होती, "काय म्हणाली गं ती?"